उम्म अल कुवैनला आई इंजिनावर चढली

अमिरातीत आम्ही वाफेचं इंजिन बघायला गेलो होतो असं पुण्यात कुणाला सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो. त्यात त्याची काही चूक नाही. या देशात रेल्वेच मुळी काल-परवाची. दुबईची मेट्रो ड्रायव्हरशिवाय धावते, वाळवंटातून मालगाड्या जातात त्या डिझेलवर. वाफेचं इंजिन इथे कधी चाललंच नाही. त्यामुळे जी दोन-चार इंजिनं इथे आहेत ती कुणीतरी हौसेने जहाजात घालून आणलेली आहेत. त्यातली तीन मी पाहिली आणि त्यांतल्या एकावर माझी आई चढली. ते कसं घडलं ते सांगते.

आम्ही राहतो दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये. माझं ऑफिसही तिथेच, पायी जाण्याइतकं जवळ. नितीनचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, पोहे-मसाले-पापडांचा व्यापार आहे आणि त्याचं गोडाऊन उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात आहे. गोडाऊनच्या शेजारी थॉमस नावाच्या एका केरळी इंजिनियरचं वर्कशॉप आहे. हॉटेलांचे, लाँड्र्यांचे बॉयलर दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. एका दुपारी चहा पिताना थॉमस नितीनला म्हणाले, "फलज अल मुअल्लाच्या बाजूला एका अरबाचं शेत आहे. त्याच्याकडे स्टीम इंजिनं आहेत. दर हिवाळ्यात एका शनिवारी तो सगळी पेटवतो आणि गेट उघडं ठेवतो. या फॅमिलीला घेऊन."

नितीनने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आई भाजी निवडत होती. ती वर न बघताच म्हणाली, "तुम्ही जा. मला नाही बघायचं मेलं ते इंजिन. जन्मभर त्याची काजळी धुतलीय मी."

माझे बाबा दौंडच्या शेडमध्ये होते. आधी फायरमन, मग ड्रायव्हर. वाफेची इंजिनं बंद होईपर्यंत ते वाफेवर होते, नंतरची काही वर्षं डिझेलवर. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. आई आता हिवाळ्यात आमच्याकडे येते आणि उन्हाळा लागला की परत दौंडला, दादाकडे जाते. या दोन वर्षांत ती बाबांबद्दल बोलत नसे. आम्ही आठवणी काढायला लागलो की उठून जाई, नाहीतर कुकर लावायची आठवण तिला होई. मी समजत होते की दुःख अजून ओलं आहे. नितीन एकदा म्हणाला होता, "अनू, मला हे दुःखासारखं वाटत नाही, रागासारखं वाटतं." मी ते मनावर घेतलं नव्हतं.

आईला शेवटी तयार केलं ते माझ्या मुलीने. इरा अकरा वर्षांची आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत. ती आजीच्या गळ्यात पडून म्हणाली, "आजी, प्लीज. आबा ड्रोव्ह वन. आय हॅव नेव्हर सीन वन." नातीपुढे आईचं काही चालत नाही. "बरं," ती म्हणाली, "पण मी गाडीतच बसून राहीन."

वाळूत

सकाळी निघालो तेव्हा हवेत छान गारवा होता. दुबईचा हिवाळा म्हणजे आपल्याकडची दिवाळीची पहाट, ती तीन महिने चालते. शारजा मागे पडलं की मोठ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाळूचा रंग बदलायला लागतो. आधी पांढुरकी, मग पिवळट, मग विटकरी. फलज अल मुअल्लाच्या आसपास तर ती चक्क गेरूच्या रंगाची आहे आणि तिच्यात मधूनच हिरवी झाडं उभी आहेत, कुणी पाणी घालत नसताना. आई त्या झाडांकडे बराच वेळ बघत होती.

"अगं अनू, ही शमी आहे."

"आई, इथे त्याला गाफ म्हणतात."

"काही म्हणोत. दसऱ्याला पूजतो ती हीच." तिने काच खाली केली आणि पुढचं प्रत्येक झाड ओळखीचं माणूस दिसावं तसं बघितलं. नंतर मी शोधलं तर ती खरोखर शमीच निघाली. इतकी वर्षं इथे राहून मला हे माहीत नव्हतं.

मोठा रस्ता सोडून शेताकडे वळल्यावर डांबर संपलं. थॉमसनी नितीनला बजावलं होतं की चाकोरीतूनच गाडी घाल. समोरून एक पिकअप आला, त्याला जागा द्यायला नितीनने गाडी जराशी बाजूला घेतली आणि पुढचं चाक वाळूत गेलं. ॲक्सिलरेटर दाबला तसं ते आणखी खाली गेलं. नितीन उतरला, हातांनी वाळू उपसायला लागला. मी ढकललं. इरा व्हिडिओ काढत होती. गाडीचं पोट टेकलं तेव्हा आम्ही सगळेच थांबलो.

तेवढ्यात मागून पाण्याचा एक टँकर आला. निळा, कडेने ठिबकणारा. ड्रायव्हर पाकिस्तानातल्या स्वातचा पठाण होता, मेंदी लावलेली लाल दाढी, नाव गुल जान. त्याने खाली उतरून चाकांकडे पाहिलं, मग नितीनकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "हबीबी, पहले हवा निकालो." चारी टायरमधली हवा त्याने कमी केली, फावड्याने वाळू बाजूला केली, दोर बांधला. "अम्माजी, आप बैठे रहो," असं आईला म्हणाला. टँकरने एक हिसका दिला आणि आम्ही बाहेर आलो. नितीन पाकीट काढायला लागला तसं त्याने छातीवर हात ठेवून मान हलवली.

"आप लोग रेलगाडी देखने जा रहे हो ना? मैं उसी का पानी ले के जा रहा हूँ. यहाँ का पानी खारा है, इंजन का पेट खराब होता है. मीठा पानी मेरे पास है. मेरे पीछे पीछे आओ."

शेतावर अशा रीतीने आम्ही टँकरच्या मागोमाग पोचलो.

अबू राशिदचं शेत

खजुराच्या झाडांची लांब रांग, तिच्यापलीकडे पत्र्याची शेड आणि शेडमधून निघून सगळ्या शेताला वळसा घालणारे छोटे रूळ. आपल्याकडे नेरळ-माथेरानचे आहेत ना, त्याच चणीचे. शेडच्या बाहेर दोन इंजिनं पेटवून उभी होती आणि तिसऱ्याचं पोट उघडून त्यात दोघंजण डोकं घालून बसले होते. धूर सरळ वर जात होता. माणसं फार नव्हती. काही गोरी कुटुंबं घडीच्या खुर्च्या टाकून बसली होती, बरीच केरळी, थोडे फिलिपिनो, शेजारच्या शेतांवरचे अरब आणि त्यांची पोरं. तिकीट नाही, माइक नाही, स्टॉल नाही. एका लांब टेबलावर खजूर, गव्हा म्हणजे वेलदोड्याची बिनसाखरेची कॉफी आणि मोठ्या थर्मासमध्ये करक, म्हणजे आपला कडक दुधाचा चहा.

आईने गाडीतच बसून राहण्याचं म्हटलं होतं ते तिला जमलं नाही. दार उघडलं आणि धुराचा वास आला. ती एक मिनिट तशीच बसली, मग उतरली, पदर नीट केला आणि इंजिनाकडे पाठ करून चहाच्या टेबलाकडे गेली.

तिथे शेताचे मालक उभे होते. सगळे त्यांना अबू राशिद म्हणतात, म्हणजे राशिदचे वडील. वय आईइतकंच असेल. पांढरी कंदुरा, म्हणजे अरबांचा पायघोळ अंगरखा, तिच्यावर बाहीला तेलाचा डाग आणि पायात साध्या चपला. त्यांनी आईला स्वतः खजुराचं ताट पुढे केलं आणि स्वच्छ मुंबईच्या हिंदीत म्हणाले, "लो बाई, अपना ही है. मुंबई से?"

"दौंड," आई म्हणाली.

"दौंड जंक्शन," ते लगेच म्हणाले. "रात को गाड़ी वहाँ बहुत देर खड़ी रहती थी."

इथल्या जुन्या अरबांना हिंदी येते हे आता मला नवल वाटत नाही. पण ते दौंडला थांबलेले असतील असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी मग आपली गोष्ट सांगितली. लहानपणी वडिलांबरोबर लाकडी गलबतातून मुंबईला जायचे. वडील खजूर विकायचे आणि तांदूळ, कापड घेऊन परत यायचे. एकदा वडिलांना काही कामासाठी हैदराबादला जावं लागलं आणि त्यांनी मुलाला बरोबर घेतलं. "हमारे यहाँ उस टाइम रोड भी नहीं था. मैंने इंजन देखा तो बाप का हाथ छोड़ दिया. बाप ने बहुत मारा." ते हसले. पुढे पैसे आले तेव्हा लोकांनी घोडे घेतले, ससाणे घेतले. यांनी जावामधल्या बंद पडलेल्या साखर कारखान्यांतली इंजिनं घेतली. उसाची गाडी ओढणारी. ती गंजलेली आली होती. थॉमस आणि त्यांच्यासारखी आणखी काही मंडळी गेली कित्येक वर्षं सुट्टीच्या दिवशी येऊन ती दुरुस्त करतात. पगार कुणालाच नाही, जेवण मात्र भरपेट.

"बाई, तुमको भी इंजन का शौक है?"

आई म्हणाली, "शौक नहीं. मेरे मिस्टर ड्राइवर थे. भाप के इंजन पे."

अबू राशिदांनी हातातला कप खाली ठेवला. ते आईकडे एखाद्या मोठ्या पाहुण्याकडे बघावं तसे बघायला लागले. "आप कितनी बार बैठी इंजन पे?"

"एक बार भी नहीं. औरतों को कौन चढ़ने देता था."

"आज चढ़ो," अबू राशिद म्हणाले. "यल्ला, थॉमस को बुलाओ."

मला वाटलं आई नाही म्हणेल. तिने पदर कमरेला खोचला. इरा तिचा हात धरून ओढत होती.

झगा

थॉमस आले, निळा बॉयलर सूट आणि मानेला सुती फडकं. त्यांनी आईला नमस्कार केला आणि तिच्या साडीकडे बघून त्यांचा चेहरा पडला.

"माताजी, माफ करना. ये साड़ी सिंथेटिक है. एक चिनगारी आई तो चिपक जाएगी. मैं इसमें ऊपर नहीं ले सकता. किसी को नहीं लेता."

ते बरोबर बोलत होते आणि ते त्यांनी नम्रपणे सांगितलं, पण मला आईचा चेहरा दिसला. न येण्याचा हट्ट धरणारी बाई आता चढता येणार नाही म्हणून हिरमुसली होती. "राहू दे," ती मला मराठीत म्हणाली. "मी कुठे मागितलं होतं."

अबू राशिदांनी घराच्या दिशेने कुणाला तरी हाक मारली. थोड्या वेळाने त्यांची बायको, उम्म राशिद म्हणजे राशिदची आई, आली. गुडघे दुखत असावेत, डुलत चालत होती. तिला हिंदी चार-सहा शब्द येत होते. तिने आईची साडी दोन बोटांत धरून पाहिली, "ला, ला," म्हणजे नाही, नाही, असं म्हणाली, आईचा हात धरला आणि तिला घरात घेऊन गेली. मी मागोमाग गेले.

बायकांच्या बैठकीची खोली मोठी, जमिनीलगत गाद्या, उदाचा वास. आत पाच-सहा बायका होत्या. त्यांनी आम्हाला आधी बसवून खायला घातलं, त्याशिवाय दुसरं काही नाही. गोड शेवया केशर घालून केलेल्या, पण त्यांच्यावर चक्क ऑम्लेट पसरलेलं. आई अंडं खात नाही. मी ते सांगायचे शब्द शोधत होते, तोवर उम्म राशिदने आईच्या चेहऱ्यावरून ओळखलं, ऑम्लेट उचलून आपल्या ताटात घेतलं आणि खालच्या, अंडं न लागलेल्या शेवया आईला वाढल्या. मग तळलेले गोळे आले, वर खजुराचा पाक. आई म्हणाली, "आपल्या गुलगुल्यांसारखं आहे. तीळ मात्र छान लागतात."

मग उम्म राशिदने कपाटातून एक सुती झगा काढला. घरात घालायचा, अंगभर, ढगळ, फिकट हिरवा, गळ्यापाशी थोडं भरतकाम. तो तिने आईच्या खांद्यांना लावून पाहिला.

लग्न झाल्यापासून आईने साडीशिवाय दुसरं काही घातलेलं नाही. मी गाऊन आणून दिले ते तिने कामवालीला देऊन टाकले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, "तू बाहेर थांब."

ती बाहेर आली तेव्हा मला हसू आवरेना. तिलाही आवरेना. झगा तिला दोन बोटं लांब होता. डोक्याला उम्म राशिदने सुती ओढणी घट्ट बांधली होती, कपाळावर कुंकू तसंच; बाबा गेल्यावरही तिने ते लावणं सोडलेलं नाही. बैठकीतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. आई लाजली, पण झगा काढला नाही.

भट्टीपुढे

इंजिनाची पायरी उंच होती. थॉमसनी वरून हात दिला, मी खालून आधार दिला आणि आई वर गेली. मला पायरीवर उभं राहायची परवानगी मिळाली, तिथून मला सगळं दिसत होतं. आत दोन माणसं कशीबशी मावतील एवढी जागा. सगळीकडे नळ, चाव्या, काचेची नळी, तिच्यात पाणी हलत होतं. आईने कशालाच हात लावला नाही. देवघरात उभी असावी तशी हात पोटाशी धरून उभी होती.

"अब आग दिखाता हूँ," थॉमस म्हणाले आणि त्यांनी भट्टीचं दार उघडलं.

मी पायरीवर होते, तरी मी तोंड फिरवलं. आई एकदम मागे सरली आणि तिची पाठ कोळशाच्या पेटीला लागली. आतली आग लाल नव्हती, पांढरी होती. थॉमसनी दोन फावडी कोळसा मारला आणि दार लावलं.

"माताजी, ठीक हो?"

आईने मान हलवली. मग विचारलं, "ये दार कितनी बार खोलते हैं?"

"चलते टाइम? हर दो-चार मिनट में. चढ़ाई हो तो खुला ही समझो."

"और बड़े इंजन में?"

"बड़ा इंजन इसका दस गुना, माताजी. ये तो गन्ने की गाड़ी वाला बच्चा है. बड़े वाले में फायरमन ड्यूटी भर कोयला मारता है."

आईने बंद दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "फिर से खोलो."

त्यांनी उघडलं. या वेळी ती मागे गेली नाही. उलट अर्धं पाऊल पुढे सरकली आणि तिथेच उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर तो उजेड पडला होता, घाम कपाळावरून कुंकवात उतरत होता, आणि ती डोळे बारीक करून आत बघत होती. मी "आई, मागे हो" म्हटलं ते तिला ऐकू गेलं नाही किंवा तिने ऐकलं नाही. शेवटी थॉमसनीच दार लावलं.

मग तिने फावडं मागितलं. थॉमसनी माझ्याकडे पाहिलं, मी हो म्हटलं. तिने थोडासा कोळसा उचलला, अर्धा वाटेत सांडला, अर्धा आत गेला. फावडं परत दिलं तेव्हा तिचे तळहात काळे झाले होते.

इंजिन हललं आणि शेताला एक फेरी मारली. मागच्या उघड्या डब्यात नितीन, इरा आणि इतर पोरं बसली होती, आरडाओरडा करत. खजुराच्या रांगेतून, कांद्याच्या वाफ्यांपाशी, उंटांच्या कुंपणाजवळून. उंटांनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा चरायला लागले. शिट्टी झाली तेव्हा मला दौंडचं आमचं क्वार्टर आठवलं, पण खरं सांगायचं तर मी शिट्टी ऐकत नव्हते. मी आईकडे बघत होते. ती बाहेर एकदाही बघत नव्हती. फेरी संपेपर्यंत तिची नजर त्या बंद दारावर होती.

खाली उतरल्यावर ती शेडच्या सावलीत लाकडी खोक्यावर बसली. मी पाणी आणलं. ती प्यायली नाही, बाटली गालाला लावून बसली.

"अनू," ती म्हणाली, "तुझे बाबा कधी आत जेवायला बसले नाहीत. आठवतं का तुला?"

आठवत होतं. बाबा ताट घेऊन बाहेर पायरीवर बसत. थंडीतसुद्धा. आम्हा मुलांना ते विचित्र वाटत नसे, कारण पहिल्यापासून तसंच पाहिलेलं.

"लग्न होऊन आले तेव्हापासून. मी स्टोव्हपुढे बसून गरम पोळी करायची आणि हे ताट उचलून बाहेर. शेजारच्या बायका विचारायच्या, भांडण झालंय का म्हणून. मी काय सांगणार? मी काळी. सासूबाईंनी पसंत केलेली, ह्यांना कुणी विचारलं नव्हतं. मला वाटायचं, ह्यांना माझ्याजवळ बसायचं नाही. एकदा धीर करून विचारलं मी, मी आवडत नाही का तुम्हाला? तर म्हणाले, तसं काही नाही, आत उकडतं. बस, तेवढंच. मला वाटलं, सबब सांगतात. उकडायला काय झालंय डिसेंबरात? मग मी परत विचारलं नाही. कधीच नाही."

मी तिच्या शेजारी बसले. दूर थॉमस दुसऱ्या इंजिनात पाणी भरत होते, गुल जानचा टँकर अजून उभा होता.

"आग असते हे ठाऊक होतं गं मला," आई म्हणाली. "कपडे जळायचे, हात भाजायचे, मीच तर मलम लावायचे. पण मीही चुलीपुढे बसतच होते. मला वाटायचं, तेवढीच असेल. जरा मोठी." ती थांबली. "आणि मी काय करायचे माहीत आहे? हे यायच्या वेळेला बंब पेटवून ठेवायचे. दमून येतात, कढत पाण्याने अंग मोकळं होईल. इतकं कढत की हात बुडवता यायचा नाही. एवढ्या आगीपुढून आलेला माणूस, आणि मी त्याला उकळतं पाणी दिलं. रोज. त्यांनी एकदा म्हणायचं होतं ना, की बाई, आज गार दे."

"नाही म्हणाले?"

"नाही. सगळी बादली अंगावर घ्यायचे. बाहेर येऊन म्हणायचे, छान वाटलं." तिने डोळे पुसले आणि हाताची काजळी गालभर पसरली. "मी तापवलं होतं ना. म्हणून घ्यायचे."

मला बाबांचं उघड्या अंगाने फरशीवर झोपणं आठवलं. चटई नाही, उशी नाही, गाल सरळ शहाबादी फरशीला लावलेला. मी तिला ते सांगितलं. ती म्हणाली, "हो ना. गादी घालून द्यायचे मी. ती पहाटे तशीच असायची." आणि ती हसायला लागली, रडता रडता.

खरं काय होतं हे आता बाबांना विचारता येत नाही. ते मुळातच कमी बोलत. कदाचित आत उकडतं एवढंच त्यांना सांगायचं होतं आणि ते त्यांनी सांगितलंही होतं. पण आईने जवळजवळ पन्नास वर्षं ज्या वाक्याला सबब म्हटलं होतं, ते त्या दिवशी तिला खरं वाटलं. मी तिथे होते, याबद्दल मी कुणाकुणाचे आभार मानू ते मला कळत नव्हतं. थॉमसचे मानले, त्यांनी सिंथेटिक साडीला नाही म्हटलं त्यासाठीही. काय झालं ते मी अबू राशिदांना थोडक्यात हिंदीत सांगितलं. त्यांनी इंजिनाकडे पाहिलं. मग म्हणाले, "अल्हम्दुलिल्ला. मैं समझता था ये इंजन मैंने अपने लिए लिया."

परतीचा रस्ता

दुपारी सगळ्यांबरोबर जेवलो. भात, डाळ, माशांचं एक मोठं ताट आणि आईसाठी वेगळी केलेली भेंडी. निघताना उम्म राशिदने आईला दोन्ही गालांवर मुके दिले. आईला ती सवय नाही, ती गोंधळली, मग तिनेही दिले. गुल जानने आमच्या टायरमध्ये पुन्हा हवा भरून दिली.

परतताना उन्हं कलली होती. आई पुढच्या सीटवर, नितीनच्या शेजारी, मी आणि इरा मागे. फलज अल मुअल्ला मागे पडलं. मग इराने पुढे वाकून विचारलं, "आजी, वॉज आबा हँडसम?"

मला वाटलं आता आई विषय बदलेल. ती म्हणाली, "बघायला आले ना, तेव्हा कानामागे काजळी तशीच होती. शेडमधून सरळ आले होते. माझ्या वडिलांनी विचारलं, पगार किती, तर हे म्हणाले, आधी पाणी मिळेल का?"

इरा हसली. नितीनने विचारलं, "मग, आई?" आणि आई सांगायला लागली. सासूबाईंनी त्यांच्या कानामागचं कसं पुसलं, लग्नाच्या दिवशी वऱ्हाडाची गाडी लेट झाली तेव्हा हे स्वतः इंजिनापर्यंत चालत जाऊन ड्रायव्हरला काय म्हणाले, दादा झाला तेव्हा ड्यूटीवर होते तर निरोप कसा स्टेशनांमागून स्टेशनं करत त्यांच्यापर्यंत पोचला. यातलं निम्मं मी पहिल्यांदा ऐकत होते. ती मध्येच "ह्यांनी" म्हणायची, मध्येच "तुझ्या बाबांनी", आणि एकदा, चुकून, त्यांचं नाव घेतलं.

सिलिकॉन ओएसिसचे टॉवर दिसायला लागले. आमचा एक्झिट आला. नितीनने इंडिकेटर दिला नाही. मला वाटलं तो गोष्टीत गुंगलाय, मी सांगायला तोंड उघडलं, तेव्हा आरशात त्याची नजर मला भेटली. त्याने अगदी हळूच मान हलवली: नको, तिला बोलू दे.

एक्झिट मागे गेला. पुढे अबू धाबीकडे जाणारा सरळ, रिकामा रस्ता होता. आई खिडकीबाहेर बघतही नव्हती. ती नितीनकडे वळून, हातवारे करून सांगत होती आणि तो गाडी सावकाश चालवत होता.